लपवल्याने कोण सुरक्षित होतं?

ओळखीतलं कुणीतरी अधूनमधून मला हळू आवाजात विचारतं की त्या ॲडल्ट व्हिज्युअल नॉव्हेल्स तू वाचतेस ना, मग त्या घ्यायच्या कुठून, म्हणजे लॅपटॉपमध्ये काही घाण येणार नाही अशा ठिकाणाहून. पूर्वी माझं उत्तर एका वाक्यात संपायचं. इच डॉट आयओ या छोट्या डेव्हलपरांचे गेम मिळणाऱ्या साइटवर जा, टॅग लाव, डेव्हलपरचं पान बघ, तिथूनच घे. मग २४ जुलै २०२५ आला आणि इचने एका फटक्यात ॲडल्ट म्हणून मार्क केलेलं सगळं सर्च आणि ब्राउझमधून काढून टाकलं, चांगलं वाईट, फुकट विकत, काहीही न बघता, आणि माझं ते एका वाक्याचं उत्तर तिथेच संपलं. आता मला पंधरा मिनिटं समजवावं लागतं. आणि मला ठामपणे वाटतं की ही पंधरा मिनिटं ज्यांनी आपल्यावर लादली त्यांनी कुणालाही सुरक्षित केलेलं नाही, उलट सज्ञान माणसांना नेमकं तिकडे ढकललंय जिथे सगळ्यात जास्त धोका आहे.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचायची गोष्ट, पडद्यावर चित्रं, खाली मजकूर, मागे संगीत, आणि मधेमधे तुम्ही निर्णय घेता आणि गोष्ट वेगळ्या वाटेला लागते. त्यातल्या काही मोठ्यांसाठीच्या असतात, त्यात सेक्स असतो, आणि चांगल्या लिहिणाऱ्याच्या हातात तो गोष्टीचाच भाग असतो, जसा कादंबरीत असतो. मी ज्यांबद्दल बोलतेय त्या इंडी, इंडी म्हणजे मागे कंपनी नाही, बहुतेक वेळा एक माणूस, फार तर तीन-चार, कुणी नोकरी सांभाळून रात्री लिहिणारं. हे शक्य झालं त्याचं मोठं कारण म्हणजे रेनपाय नावाचं इंजिन, टॉम रोथामेलने २००४ मध्ये आणलेलं, पायथनवर चालणारं, फुकट, ओपन सोर्स. प्रोग्रॅमिंग धड न येणारा माणूसही त्यात गोष्ट उभी करू शकतो. किकस्टार्टर आणि पेट्रिऑनसारख्या सोयी आल्यावर तर वाचकच आधी पैसे द्यायला लागले. 'कमिंग आउट ऑन टॉप' ही गे नायकाची गोष्ट अशीच वाचकांच्या पैशांवर उभी राहून २०१४ मध्ये आली. मोठ्या प्रकाशकाने तेव्हा तिच्याकडे बघितलंही नसतं असं मला वाटतं, वाचक मात्र होते, आणि त्यांनी आधीच पैसे मोजले होते.

आता त्या जुलैचं. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात 'नो मर्सी' नावाचा एक गेम आला होता, लैंगिक हिंसाचारावर आधारलेला, एप्रिल २०२५ मध्ये त्यावर ओरड झाली आणि तो काढला गेला. मला त्या गेमबद्दल अजिबात सहानुभूती नाही आणि ज्यांना राग आला त्यांचा राग मला समजतो. पण गोष्ट तिथे थांबली नाही. कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियातल्या संस्थेने जुलैमध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल अशा कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं की स्टीम आणि इचचे व्यवहार करू नका. मग स्टीमच्या नियमांत एक नवीन ओळ आली, की पेमेंट प्रोसेसर (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपन्या), कार्ड नेटवर्क, बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही, विशेषतः काही प्रकारचा ॲडल्ट मजकूर. 'काही प्रकारचा' म्हणजे कुठला, ते सांगितलंच नाही. गेम एकापाठोपाठ एक गायब व्हायला लागले. आणि आठवडाभरात इचने सगळंच लपवलं. त्यांनी स्वतः सांगितलं की वेळच नव्हता, एकेक पान तपासत बसलो असतो तर पैसे घ्यायची सोयच गेली असती आणि मग ॲडल्ट नसलेलं काम विकणारेही बुडाले असते. मी त्यांना दोष देत नाही. पण बघा, तो एक गेम तर एप्रिलमध्येच दोन्ही ठिकाणांहून गेला होता! म्हणजे वाईट तेवढं निवडून काढणं शक्य होतं, ते झालंही होतं, तरी तीन महिन्यांनी सगळ्यांना शिक्षा.

१ ऑगस्टला मास्टरकार्डने जाहीर केलं की आम्ही कुठलाही गेम तपासला नाही आणि कुठल्या साइटवर बंधन घालायला सांगितलं नाही. त्यावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने सांगितलं की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, मधल्या प्रोसेसर आणि बँका बोलल्या, आणि त्यांनी मास्टरकार्डच्याच एका नियमाकडे बोट दाखवलं, ५.१२.७, ज्याचा अर्थ साधारण असा की बेकायदेशीर किंवा कंपनीच्या नावाला धक्का लावेल असा व्यवहार नको, आणि धक्का लागतो की नाही हे कंपनीच ठरवणार. या दुसऱ्या अटीला कायद्याचा भंग व्हावाच लागत नाही, कुठे न्यायाधीश नाही, अपील नाही. लिहिणारीला नक्की काय चुकलं ते कळत नाही, वाचणाऱ्याला काय गेलं ते कळत नाही, आणि विचारायला जावं तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. माझा मुख्य राग याच्यावर आहे. एखाद्या देशाच्या संसदेने कायदा केला तर निदान तो वाचता येतो, त्यावर भांडता येतं.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने पॉर्नहबचे व्यवहार थांबवले, तिथे खऱ्या माणसांचे संमतीशिवायचे व्हिडिओ होते, खरे बळी होते, आणि ते पाऊल मला योग्यच वाटलं होतं. २०२१ मध्ये मास्टरकार्डने ॲडल्ट साइट्ससाठी नियम कडक केले, व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाचं वय आणि संमती यांची नोंद हवी वगैरे. बरोबरच आहे. पण काढलेल्या चित्रातल्या बाईचं ओळखपत्र कुठून आणणार? खऱ्या माणसांना वाचवायला जी भीती तयार झाली ती नंतर चित्रांवर आणि शब्दांवर येऊन बसली. २०२४ मध्ये डीएलसाइट या ॲडल्ट गेमही विकणाऱ्या जपानी साइटने आधी काही टॅग्जची नावं बदलून बघितली, तरी शेवटी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या कार्डांवरून पैसे घेणं त्यांना थांबवावंच लागलं. जुलै २०२५ ला आश्चर्य वाटलेल्यांनी २०२४ कडे नीट बघितलं नव्हतं एवढंच.

पण मला इथे पैशांपेक्षा शोधण्याबद्दल जास्त बोलायचंय, कारण त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

समजा एखाद्या वाचकाने एका गोष्टीचं नाव ऐकलं. ती अधिकृत पानावर सर्चमध्ये दिसत नाही. तो काय करेल? सोडून देईल असं ज्यांना वाटतं त्यांनी माणसं बघितलेली नाहीत. तो तेच नाव सर्च इंजिनमध्ये टाकेल आणि पुढे 'फ्री डाउनलोड' लिहील. आणि तिथे पहिल्या पानावर जे येतं ते बहुतेक सगळं चोरीचं असतं, मिरर साइट्स म्हणजे दुसऱ्याच्या फाइलींच्या नकला ठेवणाऱ्या साइट्स, चार-चार खोटी डाउनलोड बटणं, 'लेटेस्ट व्हर्जन विथ ऑल सीन्स अनलॉक्ड'. डेव्हलपरचं खरं पान लपलं की ती जागा रिकामी राहत नाही, ती चोर घेतो. त्याला कार्ड कंपनीची परवानगी लागतच नाही, त्याचा धंदा जाहिरातींवर नाहीतर तुमच्या पासवर्डवर चालतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः घाई केली होती. एक गोष्ट हवी होती, खरं पान सापडेना, एका मिररवरून झिप घेतली, झिपला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड पानावरच लिहिलेला होता. मला वाटलं बरंय, सांभाळून ठेवलंय. गेम उघडलाच नाही, एक काळी विंडो आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या चॅट अकाउंटवरून माझ्या सगळ्या ओळखीच्यांना कसली तरी लिंक गेलेली होती, आणि पासवर्ड बदलायला गेले तर ईमेलमध्येही कुणीतरी शिरलेलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मी कुणाला सांगू शकत नव्हते की हे कशामुळे झालं. लाज वाटली. ही लाजच या चोरांचं भांडवल आहे, त्यांना माहीत असतं की असला गेम डाउनलोड करताना फसलेला माणूस तक्रार करणार नाही, मदत मागणार नाही, गप्प बसून विंडोज परत टाकेल. तेव्हापासून मी या विषयावर उघड बोलायचं ठरवलं.

झिपला पासवर्ड का असतो ते मला नंतर कळलं. बंद झिपच्या आत अँटीव्हायरसला बघता येत नाही, म्हणून. आणि आत जे असतं त्याला इन्फोस्टीलर म्हणतात, तो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतो, कुकी हाती लागली की त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही, टू-फॅक्टर म्हणजे ओटीपीसारखी दुसरी पायरीही तो बाजूने ओलांडतो, कारण तुम्ही आधीच लॉगिन आहात असं साइटला वाटतं. मोठ्या दुकानातही हे घुसतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमवर 'पायरेटफाय' नावाचा गेम आला, त्यात असाच चोर होता, आठवडाभरात सापडला आणि काढला, आणि ज्यांनी तो चालवला त्यांना स्टीमने स्वतः कळवलं की तुमचा कॉम्प्युटर तपासा. फरक इथे आहे. दुकानाकडे तुमची नोंद असते म्हणून तुम्हाला कळवणारं कुणीतरी असतं. मिररवाला तुम्हाला काय कळवणार?

मग मी आता काय सांगते विचारणाऱ्याला? पहिली गोष्ट, फाइल शोधू नका, माणूस शोधा. गोष्ट कुणी लिहिलीय ते आधी काढा. त्यासाठी व्हीएनडीबी फार कामाचं आहे, व्हिज्युअल नॉव्हेल्सची २००७ पासून चालू असलेली नोंदवही, वाचकांनीच भरलेली, त्यात डेव्हलपरचं नाव, कुठली आवृत्ती कधी आली, वयाची मर्यादा काय, आणि अधिकृत ठिकाणांच्या लिंक्स असतात. तिथून डेव्हलपरच्या स्वतःच्या पानावर जा, आणि ते पान जिथे पाठवेल तिथूनच घ्या, स्टीम असो, इच असो, पेट्रिऑन असो. इचने आठवडाभरात फुकट ॲडल्ट कामं परत सर्चमध्ये आणायला सुरुवात केली होती, पण एखादं काम सर्चमध्ये दिसलं नाही म्हणजे ते पान मेलं असं समजू नका, थेट लिंकने पान बऱ्याचदा उघडतं, म्हणून तर माणूस माहीत असणं महत्त्वाचं. स्टीमवर नुसतं सर्च करून दिसलं नाही तर लॉगिन करून प्रेफरन्सेसमध्ये ॲडल्ट मजकूर दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो, तो मुळात बंदच असतो, आणि तो बंद असतो हे मला पटतं. ओळखीच्यांना दिसायला नको असेल तर स्टीममध्ये गेम प्रायव्हेट मार्क करायची सोयही आहे, मग तो तुमच्या प्रोफाइलवर इतरांना दिसत नाही, तुमचंच अकाउंट उघडणाऱ्याला मात्र दिसतो.

दुसरी गोष्ट, वॉर्निंगचं. विंडोज 'अनोळखी पब्लिशर' म्हणून निळी पाटी दाखवतं तेव्हा लोक दोन टोकांना जातात, काही घाबरून चांगली गोष्ट सोडतात आणि काही सवयीने 'रन एनीवे' दाबतात. खरी स्थिती मधली आहे. कोड साइन करायचं सर्टिफिकेट घ्यायला पैसे लागतात, ते पुन्हा पुन्हा रिन्यू करावं लागतं, एकट्या लेखिकेला ते परवडत नाही, त्यामुळे प्रामाणिक गेमवरही ती पाटी येते. म्हणून ती पाटी एकटी काहीच सिद्ध करत नाही, फाइल कुठून आली हेच बघावं लागतं. पण अँटीव्हायरस बंद करा असं कुणी लिहिलं असेल तर तिथून सरळ उठायचं, त्याला अपवाद नाही. व्हायरसटोटल या साइटवर, जी एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देते, टाकून बघा, एखाददुसऱ्या अनोळखी स्कॅनरने लाल दाखवलं तर रेनपायच्या गेमबाबतीत ते होतं, मोठी आठ-दहा नावं एकदम लाल झाली तर डिलीट करा. तिथे ६५० एमबीपर्यंतचीच फाइल चढते आणि हे गेम कित्येकदा काही जीबींचे असतात, अशा वेळी झिप उलगडून आतली एक्झी फाइल तरी टाकून बघावी. साध्या रेनपाय गेममध्ये 'गेम', 'रेनपाय', 'लिब' असे फोल्डर दिसतात. ते असले म्हणजे सगळं ठीक असंही नाही, चोर हे आवरण वापरू शकतो, पण हजार एमबी म्हणून घेतलेल्या गेममध्ये एकच छोटीशी सेटअप फाइल निघाली तर विचारायलाच नको.

आणि एक गोष्ट जी अनुभवी वाचकांनाही माहीत नसते, सेव्ह फाइल्स. लोक एकमेकांना 'फुल सेव्ह' देतात, म्हणजे सगळ्या वाटा उघडलेली फाइल, आणि समजतात की सेव्ह म्हणजे नुसती खूण. रेनपायची सेव्ह पायथनच्या पिकल नावाच्या पद्धतीने साठवलेली असते आणि पिकल उघडताना त्यात लपवलेला कोड चालू शकतो. म्हणून रेनपायच्या नव्या आवृत्त्या दुसऱ्या डिव्हाइसवरची सेव्ह उघडताना आधी विचारतात, देणाऱ्यावर विश्वास आहे का. तो प्रश्न वाचा, हो म्हणून पुढे पळू नका. मॉड्सचंही तेच, मॉड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा कुणा अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम. फोनवर एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल घेत असाल तर परवानग्या बघा, वाचायच्या गोष्टीला तुमचे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

हे सगळं सांगायला मला काही नाही, पण हे प्रत्येक वाचकाने शिकावं अशी अपेक्षाच चूक आहे. खाणाऱ्याने भाजी बघून घ्यावी हे ठीक, पण बाजारच बंद करून त्याला रस्त्याकडेला रात्री घ्यायला लावायचं आणि मग म्हणायचं नीट बघून घे!

आता मुलांचा प्रश्न, कारण तो येणारच आणि यायलाच हवा. मला मुलांपर्यंत हे पोचायला नको आहे, अजिबात. आणि म्हणूनच मी म्हणते की हे सगळं अशा दुकानांत असू द्या जिथे लेबल आहे, फिल्टर आहे, लॉगिन आहे. मिरर साइटवर तेरा वर्षांच्या मुलाला कोण अडवणार? काही सरकारांनी वय तपासणी सक्तीची केलीय, ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून ती लागू झाली, स्टीमने तिथे क्रेडिट कार्ड जोडलेलं असण्यावर भागवलं. ते मला त्यातल्या त्यात सुसह्य वाटतं. चेहरा आणि ओळखपत्र अपलोड करायला लावणं मात्र मला मान्य नाही, कारण साठवलं की ते कधीतरी फुटतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपने सांगितलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरीला गेले असावेत, आणि तेही वयाबद्दल अपील करायला दिलेले फोटो. माणूस काय वाचतो आणि त्याचा चेहरा कसा आहे या दोन गोष्टी एका ठिकाणी साठवल्या तर ब्लॅकमेल करणाऱ्याला दुसरं काय लागतं?

डेव्हलपर मंडळींनाही मला सांगायचंय, कारण मी त्यांच्या बाजूची आहे. टॅग खरे लावा. जबरदस्ती आहे तर तसं पहिल्या पानावर लिहा, वाचकाला चाळिसाव्या मिनिटाला अचानक त्यात ढकलू नका, मी अशा दोन गोष्टी अर्ध्यात सोडल्या आणि परत उघडल्या नाहीत. पात्रं सज्ञान असावीत, नुसती वरती अठराची ओळ टाकून खाली लहान मुलासारखं चित्र काढायचं हे चालणार नाही, अशा लोकांची बाजू मी घेणार नाही आणि बाकीच्यांनीही घेऊ नये. आणि प्रत्येक रिलीजसोबत फाइलचा हॅश छापा, म्हणजे फाइलवरून काढलेली, बोटाच्या ठशासारखी आकड्या-अक्षरांची ओळ, एसएचए-२५६ पद्धतीने ती काढायला एक मिनिट लागतं, त्यामुळे फाइल कुठूनही आलेली असली तरी ती तुमचीच आहे का हे वाचकाला ताडून बघता येतं. स्वतःची एक साधी वेबसाइट ठेवा, नुसत्या दुसऱ्याच्या दुकानावर राहू नका. जुलैमध्ये ज्यांच्याकडे वाचकांची ईमेल यादी होती ते दुसऱ्या दिवशी वाचकांना सांगू शकले की आम्ही इथे आहोत, ज्यांच्याकडे नव्हती ते नुसते नाहीसे झाले.

आणि पैसे वाहून नेणाऱ्या कंपन्यांकडे एवढंच मागणं आहे की कायदेशीर विक्री असेल तर ती होऊ द्या, आणि काही नको असेल तर काय नको ते लिहून द्या, आधी सांगा, मुदत द्या, दाद मागायला जागा द्या. ऑगस्टच्या सुरुवातीला जीओजी या गेम विकणाऱ्या साइटने आणि काही डेव्हलपर्सनी १३ गेम दोन दिवस फुकट वाटले, नुसतं हे दाखवायला की कायदेशीर गोष्ट दुकानातून गायब होते तेव्हा काय होतं, आणि लाखो लोकांनी ते घेतले. त्याच दिवसांत वाचकांनी कार्ड कंपन्यांना फोन लावले, तासन्‌तास होल्डवर थांबून आपलं नाव सांगून तक्रार नोंदवली. या विषयावर स्वतःचं नाव सांगून बोलणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, म्हणून त्या माणसांबद्दल मला खरंच आदर वाटतो.

गेल्या आठवड्यात परत एकीने विचारलं, कुठून घेऊ. मी तिला आधी विचारलं लिहिणारीचं नाव माहीतये का, तिला नव्हतं, फक्त गोष्टीचं नाव आणि एका मिररची लिंक होती, आणि झिपचा पासवर्ड पानावर लिहिलेला होता. आम्ही दोघींनी बसून लेखिकेचं पान शोधलं, वीस मिनिटं लागली, सर्चमध्ये कुठेच नव्हतं, व्हीएनडीबीवरच्या एका लिंकवरून सापडलं. पान जिवंत होतं, नवा भाग नुकताच आलेला होता, आणि खाली हॅशसुद्धा दिलेला होता.